दुचाकीचा ब्रेक आणि घरची निगा

तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर वसलेलें आहे. तेथून सोलापूरकडे निघालें कीं घाट उतरावा लागतो. आश्विनी पौर्णिमेस सोलापुराहून सहस्रावधि भाविक याच वाटेनें पायीं येतात. अशा रस्त्यावर आपल्या दुचाकीचा ब्रेक ही केवळ आपली खासगी बाब राहत नाहीं.

धाराशिवास आमच्या घरीं मोटारसायकल एकच. ती तिघे बंधु आणि दोन पुतणे आळीपाळीनें वापरतात. वाहन सर्वांचें, म्हणून निगा कोणाचीच नव्हे! गतवर्षीं पुढचें चाक खरखरूं लागलें. पाहतों तों ब्रेकच्या पॅडचा थर झिजून मागची लोखंडी पट्टी डिस्कला भिडूं पाहत होती. पॅड घरींच बदलण्याचें ठरलें.

काम अवघड नाहीं. गाडी डबल स्टँडवर लावावी, पॅडची पिन व कॅलिपरचे बोल्ट सोडवावे आणि जुने पॅड काढावे. नवे पॅड जाड असतात. त्यांस जागा व्हावी म्हणून पिस्टन हलक्या हातानें आंत दाबावा लागतो. त्या वेळीं वरच्या डबींतील ब्रेक ऑइल चढतें. तें सांडल्यास गाडीचा रंग उतरतो. पॅडला तेलकट हात लावूं नये आणि तेथील धूळ फुंकूं नये. ती फुप्फुसांस अपायकारक असते.

आम्हीं हें सारें यथासांग केलें. एक गोष्ट मात्र विसरलों. पिस्टन मागें गेलेला असतां पहिल्या कांहीं दाबांत ब्रेक लागतच नाहीं. लिव्हर पोकळ जातो. तो घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हां दाबल्याशिवाय गाडी हलवूं नये. आमच्या चिरंजीवांनीं ती अंगणांत सुरू केली, आणि स्वारी थेट तुळशीवृंदावनास जाऊन भिडली! एक वीट निखळली, एवढ्यावर निभावलें. हेंच घाटांत घडतें तर?

तेव्हांपासून आमच्या घरीं नेम आहे. पॅड कोणीही बदलोत, दुसऱ्या जाणत्यानें लिव्हर दाबून पाहावा, अंगणांत मंद गतीनें ब्रेकची परीक्षा घ्यावी आणि मगच फाटक उघडावें. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत पहिले कांहीं मैल गाडी बेतानेंच हांकावी. शंका वाटल्यास कारागिराकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. मजुरीचे चार पैसे वांचले तर ठीकच. परंतु त्या काटकसरीची किंमत रस्त्यानें पायीं चालणाऱ्या अनोळखी माणसास भरावी लागूं नये.