बंदरावरचा पायलट आणि मोटारीतला वाटाड्या

लेखमाला : दिशा आणि साधने – लेखांक सहावा

उपग्रहांच्या साहाय्याने स्वतःचे स्थान ओळखणे आणि त्या स्थानापासून इष्ट ठिकाणापर्यंतचा रस्ता ठरवणे या दोन निरनिराळ्या क्रिया असून, मोटारीतल्या मार्गदर्शक यंत्राने त्या एकाच पडद्यावर आणून ठेवल्यामुळे त्यांच्यातला भेद चालकाच्या सहसा ध्यानात येत नाही. पहिल्या क्रियेचा विचार मागील लेखांकात झाला आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले, की ते संकेत पोहोचायला लागलेल्या वेळावरून ग्रहणयंत्र आपली जागा काढते आणि मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइललाही ती साधारण पाच मीटरच्या आत सांगता येते. ही अचूकता उरणला जेवढी, तेवढीच म्युनिकला. दुसरी क्रिया मात्र सर्वस्वी नकाशावर, म्हणजे कोणीतरी, कधीतरी आणि कोणत्या तरी देशाच्या कायद्याच्या चौकटीत राहून गोळा केलेल्या माहितीवर अवलंबून असते. परदेशात मोटार चालवताना ज्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या क्रियेतल्या असतात.

अनोळखी मुलखात यंत्रावर किती भिस्त ठेवावी, या प्रश्नाचे एक उत्तर न्हावा शेवा बंदरात रोज पाहायला मिळते. २६ मे १९८९ पासून कार्यरत असलेल्या या बंदरात येणाऱ्या बहुतेक जहाजांचे कप्तान परदेशी मुलखात येत असतात, आणि त्यांच्यापाशी मोटारचालकाच्या यंत्रापेक्षा कितीतरी सरस साधने असतात. त्यांपैकी मुख्य साधन म्हणजे ‘एक्डिस’ या नावाने ओळखली जाणारी इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांची यंत्रणा होय. आंतरराष्ट्रीय करारानुसार २०१२ ते २०१८ या काळात ती मोठ्या व्यापारी जहाजांवर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. भारतीय समुद्राचे अधिकृत नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाकडून तयार होतात, त्यांतील बदल ‘नाविकांना सूचना’ या नावाने नियमितपणे प्रसिद्ध केले जातात आणि त्यांनुसार आपले नकाशे अद्ययावत ठेवणे हे कप्तानाचे बंधनकारक कर्तव्य असते. इतके सगळे असूनही मोठ्या जहाजाला बंदरात शिरण्यासाठी पायलट घ्यावाच लागतो. पायलट म्हणजे त्या एकाच बंदरापुरता अधिकार असलेला स्थानिक नौचालक. तो लाँचमधून येतो, दोराच्या शिडीने जहाजावर चढतो आणि भरती-ओहोटीची ओढ, साचत जाणारा गाळ, कोळ्यांची जाळी व होड्या, शेजारच्या मुंबई बंदराकडे जाणारी-येणारी जहाजे अशा, नकाशात पूर्णपणे कधीच न उतरणाऱ्या गोष्टींची माहिती कप्तानाला पुरवतो. या व्यवस्थेमुळे अपघात टळतातच असे नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबईकडे येणारे ‘खलिजिया-३’ यांची याच सामायिक जलमार्गावर टक्कर होऊन शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तरीही स्थान सांगणारे यंत्र आणि वाट जाणणारा माणूस यांची कामे वेगळी आहेत, हे सागरी व्यवहाराने कायद्यातच मान्य केले आहे. मोटारीच्या बाबतीत तसे कोणी केलेले नाही. तिथे पायलटाचे कामही यंत्रानेच करावे अशी अपेक्षा असते.

ती अपेक्षा कुठे फसते, हे बंदराच्या फाटकाबाहेर पडताच कळू लागते. परदेशी प्रवासी आपली मोटार कंटेनरमध्ये घालून ‘कार्ने’ या कागदपत्रावर भारतात आणू शकतात. मोटार ठरलेल्या मुदतीत परत न नेल्यास तिच्यावरील सीमाशुल्क भरले जाईल अशी हमी देणारा हा दस्तऐवज असून, तो मोटारीचे पारपत्रच मानायला हरकत नाही. अशा प्रवाशाने यंत्रात ‘न्हावा शेवा’ असे लिहिले, तर त्या नावाचे एक गाव कधीच नव्हते ही पहिली अडचण. न्हावा हे पनवेल तालुक्यातले गाव, जिथे ओएनजीसीचा पुरवठा तळ आणि टी. एस. रहमान ही नौप्रशिक्षण संस्था आहे. शेवा हे उरण तालुक्यातले. बंदरासाठी शेव्याच्या रहिवाशांना गाव सोडावे लागल्यावर त्यांची वसाहत नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा या नावांनी दुसरीकडे उभी राहिली, म्हणजे नाव एकीकडे गेले आणि जागा दुसरीकडे राहिली. बंदराचे आजचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण. पण जहाजांच्या कागदांवर न्हावा शेवा, ट्रेलरचालकांच्या तोंडी जेएनपीटी. शिवाय बंदर म्हणजे एक फाटक नव्हे. इथली टर्मिनले वेगवेगळ्या कंपन्या चालवतात आणि प्रत्येकाचे प्रवेशद्वार निराळे असते, त्यामुळे नुसते बंदराचे नाव दिलेल्या चालकाला यंत्र कोणत्या फाटकाशी नेईल याची शाश्वती नसते. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून येणारा अनुभवी ट्रेलरचालक म्हणूनच नावापेक्षा करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाटा या खुणा धरून चालतो.

ठिकाण ओळखण्याची ही अडचण देशोदेशी वेगळ्या रीतीने सोडवलेली आढळते, आणि परदेशी जाणाऱ्याने त्या त्या देशाची रीत आधीच माहीत करून घेणे फायद्याचे ठरते. ब्रिटनमध्ये पोस्टकोड साधारणपणे रस्त्याच्या एका छोट्या तुकड्यापुरता असल्याने तेवढा टाकला तरी शहरात पुरते, विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात मात्र तोच कोड बराच मोठा परिसर व्यापतो. दुबईत प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारास ‘मकानी’ हा दहा अंकी क्रमांक दिलेला असतो. जपानमध्ये पत्ता रस्त्याच्या नावाने नव्हे, तर भाग, गट आणि इमारतीच्या क्रमांकांनी लिहिला जात असल्यामुळे तिथल्या भाड्याच्या मोटारींतील यंत्रात हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक किंवा ‘मॅपकोड’ टाकण्याची सोय असते, आणि जपानी लिपीशी झगडण्यापेक्षा ती कितीतरी सुकर आहे. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ हा सुमारे चार मीटर लांबीरुंदीच्या चौकोनाला दहा अक्षरांची ओळख देणारा उपक्रमही याच प्रकारातला आहे.

दुसरी अडचण नकाशाच्या वयाची. शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्याची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर आणि त्यातला समुद्रावरचा भाग सुमारे १६.५ किलोमीटर. त्यापूर्वीचा नकाशा साठवलेले यंत्र शिवडीहून चिर्ल्याला जाणाऱ्याला आजही वाशीच्या खाडीपुलाकडे पाठवील, आणि तशा यंत्राची मोटार सेतूवर गेलीच तर पडद्यावर ती भर समुद्रातून चाललेली दिसेल. मोबाइलमधील नकाशे आपोआप बदलत असल्याने हा दोष तिथे क्वचितच दिसतो, परंतु परदेशात भाड्याने घेतलेल्या मोटारीत बसवलेले यंत्र किंवा नातेवाइकाकडून मागून नेलेला जुना संच यांचा नकाशा कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या देशांपुरता आहे, हे निघण्यापूर्वी पाहणे आवश्यक असते. मोबाइलवर अवलंबून राहणाऱ्याने त्या प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. स्थान कळण्यासाठी इंटरनेट लागत नाही, कारण उपग्रहांचे संकेत फुकट आणि सर्वत्र मिळतात. इंटरनेट लागते ते नकाशा आणण्यासाठी आणि वाहतुकीची ताजी स्थिती कळण्यासाठी. ही साधी बाब ठाऊक नसल्यामुळे परदेशी सिमकार्ड बंद पडताच हवालदिल होणारे प्रवासी पुष्कळ असतात.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म असून ती समजून घेण्यासाठी यंत्राच्या कामाचा एक टप्पा पाहावा लागतो. उपग्रहांवरून मिळालेला बिंदू क्वचितच नेमका रस्त्यावर पडतो, म्हणून यंत्र त्याला जवळच्या रस्त्यावर ‘बसवते’. हे रस्ता-मिलन एकाशेजारी एक असलेल्या रस्त्यांतही चुकू शकते, आणि एकावर एक असलेल्या रस्त्यांत तर फारच सहज चुकते. सगळे उपग्रह ग्रहणयंत्राच्या वरच्याच बाजूला असल्याने उंचीतील त्रुटी आडव्या त्रुटीपेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे मोटार उड्डाणपुलावर आहे की पुलाखाली, हे केवळ संकेतांवरून ठरवणे यंत्राला कठीण जाते. करळ फाट्याच्या उड्डाणपुलांवर हा संभ्रम होतो, तसाच तो परदेशातल्या बहुमजली महामार्गांवर होतो. बोगद्यात तर संकेतच तुटतात आणि यंत्राला वेग व दिशा यांवरून अंदाज बांधावा लागतो. हा संभ्रम केवळ वळसा पडण्यापुरता राहत नाही. जुलै २०२५ मध्ये बेलापूरहून उलव्याकडे निघालेली एक मोटार पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने ध्रुवतारा जेट्टीवर गेली आणि थेट खाडीत पडली. चालक महिलेला सागरी सुरक्षा पोलिसांनी वाचवले. ती यंत्राने दाखवलेल्या मार्गाने जात होती, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद होते. अंधारात, अनोळखी रस्त्यावर आणि पावसाळ्यात पडद्यावरील रेषेपेक्षा समोरच्या फलकाला अधिक मान द्यावा, हा नियम बेलापूरला लागू पडतो तसा तो नॉर्वेतल्या फेरीच्या धक्क्यालाही लागू पडतो.

यंत्र कोणत्या वाहनासाठी वाट काढत आहे, हा मुद्दा भारतात सहसा दुर्लक्षिला जातो. मोटारीसाठी केलेल्या आखणीला कंटेनर लादलेल्या ट्रेलरची उंची, वजन किंवा वळायला लागणारी जागा ठाऊक नसते. अटल सेतूवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांना बंदी असली तरी चुकीचे वाहन निवडलेले यंत्र त्यांनाही तीच वाट दाखवू शकते. परदेशी शहरांत हीच गोष्ट खिशाला झोंबते. इटलीतल्या अनेक शहरांच्या जुन्या भागांत ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा विभाग असतो. तिथे परवान्यावाचून शिरणाऱ्या मोटारीचा क्रमांक कॅमेरा टिपतो, आणि फ्लॉरेन्समधल्या हॉटेलपर्यंतची सर्वांत जवळची वाट नेमकी त्याच विभागातून जाण्याचा संभव बराच असतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ‘विन्येट’ हा वार्षिक पथकराचा परवाना लागतो, पण तो घेतला आहे की नाही हे यंत्र विचारत नाही.

नकाशा ही राष्ट्राच्या सुरक्षेशी निगडित वस्तू असल्याने प्रत्येक देश तिच्यावर आपापल्या परीने नियंत्रण ठेवतो. चीनमध्ये अधिकृत नकाशे ‘जीसीजे-०२’ नावाच्या मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर आधारलेले असतात, त्यामुळे परदेशी नकाशावर मोटार रस्त्यापासून काहीशे मीटर बाजूला दिसू शकते. दक्षिण कोरियाने तपशीलवार नकाशे देशाबाहेर नेण्याची परवानगी २००७ आणि २०१६ मध्ये नाकारल्यामुळे तिथे प्रवासी अनेक वर्षे नेव्हर आणि काकाओ या देशी नकाशांवर विसंबत आले. भारतानेही फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरील निर्बंध बरेच सैल केले असले, तरी एक मीटरपेक्षा सूक्ष्म तपशिलाचे नकाशे तयार करण्याचा हक्क भारतीय संस्थांपुरताच राखून ठेवला. कारगिल युद्धाच्या अनुभवानंतर उभारलेल्या ‘नाविक’ या भारतीय उपग्रहमालेचे मुख्य क्षेत्रही भारत आणि सीमेपलीकडचे सुमारे दीड हजार किलोमीटर एवढेच असल्याने युरोपात किंवा अमेरिकेत तिचा उपयोग होत नाही.

खुद्द यंत्राच्या कायदेशीरपणाविषयी मात्र प्रवाशांत बरेच अज्ञान आढळते. वेगमापक कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारी सोय भारतात सर्रास वापरली जाते, परंतु जर्मनीत चालकाने ती वापरणे गुन्हा आहे, स्वित्झर्लंडमध्ये अशी साधने जवळ बाळगण्यासही मनाई आहे आणि फ्रान्समध्ये नेमक्या कॅमेऱ्याऐवजी फक्त ‘धोक्याचा टापू’ दाखवता येतो. भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून हातातल्या साधनाचा वापर केवळ वाट पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करण्यास मुभा आहे. याउलट ब्रिटनमध्ये गाडी चालवताना मोबाइल हातात धरणेच गुन्हा ठरते, मग तो नकाशासाठी का असेना. परदेशातून भारतात येणाऱ्यांची फसगत वेगळ्या कारणाने होते. केवळ संकेत ग्रहण करणारे यंत्र भारतात निर्धोक आहे, पण उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे साधन परवान्याशिवाय आणता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला असे साधन बाळगल्याबद्दल पोलिसी कारवाईला तोंड द्यावे लागले. गिर्यारोहकांना आपल्या देशात जीवरक्षक वाटणारी वस्तू इथे आक्षेपार्ह ठरते, याची त्यांना बहुधा कल्पनाही नसते.

संकेतांवर होणारे आक्रमण हा या विषयाचा सर्वांत नवा भाग असून त्याचा विस्तृत विचार पुढील लेखांकात होईल. १० मे २०२५ रोजी जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज रुतले, तेव्हा त्या भागात जीपीएस संकेतांत ढवळाढवळ होत असल्याच्या नोंदी होत्या, एवढे इथे पुरे.

राहता राहिला जबाबदारीचा प्रश्न. पायलट जहाजावर असला तरी जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाकडेच राहते, आणि मोटारीच्या बाबतीत तर ‘यंत्राने सांगितले म्हणून’ हा बचाव सहसा कोणत्याच देशात चालत नाही. आरटीओकडून एक वर्षासाठी मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना घेऊन निघालेल्या मराठी कुटुंबाने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण मोटार परत करताना भाडेकंपनीने सर्व ठीक असल्याचे सांगितले तरी हिशेब तिथे संपत नाही. इटलीत नियमभंगाची नोटीस परदेशी रहिवाशाला बजावण्यासाठी ३६० दिवसांची मुदत असते, आणि चालकाचे नाव-पत्ता अधिकाऱ्यांना कळवण्याचे शुल्क भाडेकंपनी त्याच्या क्रेडिट कार्डावरून वेगळे वसूल करते.