कंपनीचा स्टिरिओ, बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर : फ्यूज बॅटरीजवळच हवा

नवी गाडी दारात उभी राहून महिना होत नाही तोच घरातील तरुण मंडळींची कुरकुर सुरू होते, "अब्बा, आवाजात दम नाही." पूर्वी अशा वेळी डॅशबोर्डमधला स्टिरिओ काढून दुसरा बसवला की काम भागत असे. आता ते इतके सोपे राहिलेले नाही. आजच्या गाड्यांत स्टिरिओच्याच पडद्यावर मागचा कॅमेरा दिसतो, स्टिअरिंगवरची बटणे त्याला जोडलेली असतात, काही गाड्यांत तर एअर कंडिशनरही त्याच पडद्यावरून चालतो. सबब कंपनीचा स्टिरिओ जागच्या जागी ठेवायचा आणि बाहेरून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर त्याला जोडायचा, हा मार्ग बरेचजण पत्करतात. कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांना हे चांगले काम आहे. परंतु काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि पुष्कळदा करणाऱ्या कारागिरालाही त्यातली मूळ गोष्ट ठाऊक नसते.

मी कापडाचा व्यापारी. या विषयाशी माझा संबंध आला तो हात पोळल्यामुळे. २०१८ च्या पावसाळ्यात वसुलीसाठी भिवंडीहून नाशिकला जात असता गाडीत प्लास्टिक जळाल्याचा वास आला आणि पुढच्या सीटखालून धूर निघू लागला. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी वायर सतरंजीखालून नेलेली होती. सीटच्या रुळाखाली दबून तिचे कवच कापले गेले आणि आतली तार गाडीच्या पत्र्याला लागली. बॉनेट उघडून पान्याने बॅटरीची वायर सोडवली म्हणून गाडी वाचली. ज्याने काम केले त्याला जाऊन विचारले, तर म्हणाला, "शेठ, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फ्यूज आहेच की!"

सगळा घोटाळा या एका वाक्यात आहे. अ‍ॅम्प्लिफायरमधला फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरपुरता असतो. तो डिकीत, आणि बॅटरी बॉनेटखाली; मधली चार-पाच मीटर वायर कोणाच्या राखणीत? गाडीचा सांगाडा हाच बॅटरीचा दुसरा ध्रुव असतो. वाटेत कोठेही वायर पत्र्याला टेकली की वीज डिकीपर्यंत जातच नाही, तिथूनच परत फिरते. गाडीची बॅटरी अशा वेळी काहीशे अँपिअर सोडू शकते. वायर तापून लाल होते, तिचे कवच पेटते. शेजारी असतो फोम, सतरंजी आणि सीटचे पॉलिएस्टर. सुती कापड जळून राख होते, पॉलिएस्टर मात्र वितळून थेंबाथेंबाने खाली गळते आणि जिथे पडेल तिथे चिकटते. कापडवाल्याला हे सांगावे लागत नाही.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वायरच्या सुरुवातीलाच बसवावा. १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत, हा या कामातला सर्वमान्य नियम आहे. फ्यूजचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. वायर सोसेल त्यापेक्षा मोठा फ्यूज लावणे म्हणजे न लावण्यासारखेच. वारंवार उडतो म्हणून तिथे तारेचा तुकडा गुंडाळणारे महाभागही मी पाहिले आहेत.

आता वायर किती जाड हवी? प्रथम वॅटचा हिशेब पाहू. कंपनीच्या स्टिरिओवर बहुधा "५० वॅट × ४" असे छापलेले असते. गाडी चालू असताना विजेचा दाब जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट धरला आणि स्पीकर ४ ओहमचा असला, तर १४.४ ला १४.४ ने गुणून ८ ने भागावे. उत्तर येते सुमारे २६. साध्या, स्वच्छ आवाजाची ही कमाल मर्यादा आहे, आणि स्टिरिओच्या आत थोडी घट जाऊन हातात १८ ते २० वॅटच पडतात. ८ ऐवजी ४ ने भागले की ५२ येतात. हे ५२ वॅट निघतात ते आवाज पुरता फाटल्यावर! छापलेला आकडा असा येतो. सबब अ‍ॅम्प्लिफायर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडून "आरएमएस" असे लिहिलेला आकडा वाचावा. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ हे मानक आले. त्यानुसार १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती नाही, अशा अटीवर वॅट मोजावे लागतात. खोक्यावर त्याचा उल्लेख असला तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टचा दाब आतल्या आत वाढवून घेतो, म्हणून तो स्टिरिओपेक्षा जास्त ताकद देऊ शकतो. परंतु ती ताकद येते बॅटरीतूनच. समजा, ७५ वॅटचे चार चॅनेल, एकूण ३०० वॅट. "क्लास डी" जातीचा अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के स्पीकरला देतो. त्याला पूर्ण जोरावर सुमारे २७ अँपिअर लागतील. जुन्या "एबी" जातीचा निम्म्याहून थोडे जास्त देतो, बाकीची उष्णता होते. त्याला ४० च्या आसपास लागतील. गाणे सतत पूर्ण जोरावर नसते हे खरे, पण वायर पूर्ण जोर धरूनच निवडावी.

पाच मीटर लांबीची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली आणि तीतून ४० अँपिअर गेले, तर वाटेतच जवळजवळ दीड व्होल्ट खर्ची पडतो आणि वायरमध्ये ५६ वॅट उष्णता होते, म्हणजे सतरंजीखाली एक सोल्डरिंग आयर्न पसरून ठेवल्यासारखे. तीच वायर ८ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. तिच्या सुरुवातीला ४० अँपिअरचा फ्यूज योग्य. डॅशबोर्डमागच्या फ्यूज बॉक्समधून अ‍ॅम्प्लिफायरला वीज देण्याचा आळशीपणा मुळीच चालू देऊ नये. तिथल्या वायरी दिवे आणि स्टिरिओपुरत्या असतात.

बाजारात "अ‍ॅम्प्लिफायर किट" म्हणून तयार वायर मिळते. तिच्यात पुष्कळदा तांबे नसते, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. दिसायला हुबेहूब, किमतीत स्वस्त, पण वीज वाहून नेण्याची कुवत तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश. सूत निराळे आणि लेबल निराळे, हा प्रकार आमच्या धंद्यात नवीन नाही. आम्ही दोरा जाळून बघतो. इथे एक तार पात्याने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. कलई केलेले तांबे वरून पांढरे दिसते, पण खरवडल्यावर लाल निघते. वजनानेही फरक कळतो. मुलाम्याची वायर वापरूच नये असे नाही, मात्र ती एक माप जाड घ्यावी आणि तिचे नाव सांगून विकावी. तांब्याच्या भावाने अ‍ॅल्युमिनियम विकणाऱ्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

अर्थची वायर तितकीच जाड आणि आखूड असावी. पत्र्यावरचा रंग खरवडून, लग लावून बोल्टने आवळावी. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. इंजिनकडून वायर आत आणताना पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर ती कडच वायर कापते.

आता आवाजाची बाजू. कंपनीच्या स्टिरिओला सहसा आरसीएची जागा नसते. त्यामुळे स्पीकरला जाणाऱ्या वायरींतूनच आवाज घ्यावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायरवर "हाय लेव्हल इनपुट" असेल तर त्या सरळ तिथे जोडता येतात. नसेल तर मधे लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची लहान डबी लागते. इथे एक चूक फार महाग पडते. या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे साधारण ६ व्होल्टचा दाब असतो. वजा खुणेची वायर म्हणजे अर्थ असे समजून ती पत्र्याला जोडली की स्टिरिओच्या आतली चिप जाऊ शकते, आणि आजचा पडद्याचा स्टिरिओ बदलणे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा मोठा खर्च. हेच ६ व्होल्ट ओळखून काही अ‍ॅम्प्लिफायर आपोआप चालू होतात. तशी सोय नसेल तर चावीबरोबर चालू होणाऱ्या वायरीवरून "रिमोट"ची तार द्यावी. बॅटरीवरून थेट दिली तर अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर चालू राहील आणि सकाळी धक्का मारावा लागेल.

काही महागड्या गाड्यांत आवाज काचेच्या तंतूतून अंकांच्या रूपात कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. तिथे वरील पद्धत स्टिरिओमागे चालत नाही, त्या गाडीसाठीचा खास जोड घ्यावा लागतो. अन्य गाड्यांसाठी त्या त्या मॉडेलचा कपलर मिळतो. मूळ वायर न कापता तो मधे बसतो. तोच मागावा. कापलेली वायर दिसली की वॉरंटी नाकारायला आयते निमित्त मिळते.

आवाजाची वायर एका बाजूने आणि बॅटरीची दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी शीळ येत नाही. शीळ आलीच तर आधी अर्थचा बोल्ट तपासावा. "गेन"ची खुंटी म्हणजे व्हॉल्यूम नव्हे; ती स्टिरिओचा आवाज आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा मेळ घालते. स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवावा, आवाज फाटू लागेपर्यंत गेन वाढवावा आणि थोडा मागे घ्यावा. फाटलेला आवाज तसाच चालू ठेवला तर सर्वांत आधी ट्विटर जळतात.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची वजा बाजू सोडवून काही मिनिटे थांबावे. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या, त्यांना हात लावू नये. विजेवरच्या गाडीतही १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते, काम तिच्यावरूनच करायचे. नारिंगी केबल फार मोठ्या दाबाच्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

गाडी ताब्यात घेताना दुकानातच बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज डोळ्यांनी पाहावा, आणि बिलावर वायरचे माप व धातू लिहून घ्यावा. मग अर्धा तास मोठ्या आवाजात गाणी लावून, बंद केल्यावर फ्यूजच्या डबीला हात लावून पाहावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर तिथला स्क्रू ढिला आहे किंवा वायर कमी जाडीची आहे, आणि गाडी तिथेच सोडून घरी रिक्षाने जावे.