सोयाबीनला वाफसा लागतो, मग तिवराला का नाही?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यात परंडा, भूम भागातली शेतं पाण्याखाली गेली. कुठे माती खरडून गेली, कुठे सोयाबीन पाण्यातच उभं राहिलं. इकडे मुंबई-ठाण्याच्या खाडीत तिवराची झाडं रोज भरतीच्या पाण्यात उभी असतात, तरी ती मरत नाहीत. असं का?

आधी वाफसा समजून घेऊ

मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही असतात, तेव्हा शेतकरी म्हणतात, रानाला वाफसा आलाय. मुळांनाही श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. पाणी साचलं की पोकळीतली हवा निघून जाते. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. उरलासुरला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. काळ्या भारी जमिनीत पाण्याचा निचरा हळू होतो, त्यामुळे धोका वाढतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या नत्र देणाऱ्या गाठीही काम थांबवतात आणि पानं पिवळी पडतात.

तिवर काय करतं?

तिवराभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतात. ही श्वसनमुळं. ओहोटी लागली की त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. मुळांच्या आत स्पंजासारखी पोकळी असते, तिच्यातून हवा खालपर्यंत पोहोचते.

यातला थोडा ऑक्सिजन बारीक मुळांच्या टोकांतून चिखलात झिरपतो. तो वाया जात नाही. खाडीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू मुळांसाठी विषारी असतो. बाहेर पडलेला ऑक्सिजन मुळांलगतच्या काही मिलिमीटर पट्ट्यात त्याचा जोर कमी करतो. म्हणजे तिवर आपल्यापुरता वाफसा स्वतःच तयार करतं. कोकणातला भातही साधारण हेच करतो. पण श्वसनमुळंच भरावाखाली गाडली, तर तिवरही गुदमरतं.

मग सोयाबीनचं काय?

सोयाबीनही मुळांत थोडी पोकळी तयार करू शकतं, पण त्याला काही दिवस लागतात. तेवढा वेळ साचलेलं पाणी देत नाही. म्हणून रुंद वरंबा सरी, म्हणजेच बीबीएफ पद्धतीने पेरणीचा सल्ला दिला जातो. पीक उंच वरंब्यावर राहतं, जादा पाणी सरीतून निघून जातं. नदीच शेतात शिरली तर हा उपाय पुरत नाही. पण एरवीच्या जोरदार पावसात पीक वाचू शकतं. तिवराला निसर्गाने दिलेला वाफसा सोयाबीनला शेतकऱ्यालाच करून द्यावा लागतो.