मुठेच्या गाळातली जनुके

पुण्यात कोथरूडजवळून वाहणाऱ्या मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नचिकेत मराठे आणि सहकाऱ्यांना नदीच्या वरच्या भागापेक्षा शहरातल्या गाळात जिवाणूंना प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता देणारी जनुके कितीतरी पटींनी अधिक आढळली. कारण होते प्रक्रिया न करता सोडलेले सांडपाणी.

अशी अनेक जनुके जिवाणूला औषध मोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, पुरवतात. पेनिसिलिनच्या कुळातील औषधांच्या रेणूत चार अणूंचे कडे असते. त्याच्या जोरावर औषध जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही. ‘एनडीएम’ हे विकर जस्ताच्या मदतीने ते कडे फोडते. मग कार्बापेनेमसारखे राखीव औषधही निकामी होते. या विकराचे जनुक बहुधा प्लास्मिड या सुट्या डीएनए-वर्तुळावर असते, त्यामुळे निरुपद्रवी जिवाणूकडून ते रोगकारक जिवाणूकडेही जाऊ शकते.

अशा जनुकांच्या प्रसाराला आपणही हातभार लावतो. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक घेऊन आजार हटत नाही, आतड्यातले प्रतिरोधी जिवाणू मात्र फोफावतात आणि सांडपाण्यात उतरतात. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊ नये, आणि सांडपाणी शुद्ध करूनच मुठेत सोडावे असा आग्रह आपण सर्वांनी धरायला हवा.