जुन्नरचे समुद्रापारचे दाते

दिवाळीच्या सुटीत अष्टविनायकांची यात्रा करावी, असा बेत पुष्कळ घरांत ठरतो. कुकडीकाठचे ओझर हे त्यातले आवडते ठिकाण. विघ्नहराचे दर्शन घ्यावे, दीपमाळा पाहाव्यात, धरणाच्या पाण्यावरचा वारा खावा आणि लेण्याद्रीची वाट धरावी. ओझरच्या देवळाचा कळस वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी सोन्याने मढविला, असे सांगतात. ही गोष्ट १७३९ नंतरची. घाटावरच्या या मुलखाचे समुद्राशी नाते त्याहून कितीतरी जुने, सुमारे दोन हजार वर्षांचे आहे.

कल्याणहून आलेले दान

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढताना मुले पुढे पळतात आणि आजी मध्येच टेकतात. गिरिजात्मजाचे स्थान म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. शेजारच्या चैत्यगृहावर ब्राह्मी लेख आहे. ते दान कल्याणच्या सुलसदत्ताचे. कल्याण हे त्या काळचे नामांकित बंदर. तिथला पैसा डोंगर चढून इथवर का यावा? कारण मालही याच वाटेने चढत होता.

ती वाट नाणेघाटाची. जुन्नरपासून सुमारे तीस किलोमीटरवर सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे; जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी समजूत आहे. जवळच्या गुहेत नागनिका राणीचा लेख असून त्यात यज्ञांत दिलेल्या गाईंची व कार्षापणांची मोजदाद आहे. सातवाहन घराण्यातील व्यक्तींचे पुतळेही तिथे होते. आता त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत.

इरिल, चित आणि चंद

जुन्नरभोवतीच्या लेण्यांत तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिताने संघासाठी भोजनमंडप दिला, तर चंदाने गाभाऱ्याचे दार. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा ग्रीक. पुढे हा शब्द पश्चिमेच्या इतर परक्यांनाही लागला. चित आणि चंद ही नावे मात्र थेट आपल्याच आळीतली वाटतात! परका माणूस इथल्या नावाने, इथल्या भाषेत, इथल्या भिक्षूंच्या जेवणाखाण्याची सोय करतो, तेव्हा तो निव्वळ पाहुणा राहिलेला नसतो.

अशी माणसे मोसमी वाऱ्यांवर येत. इजिप्तहून जुलैच्या सुमारास जहाजे सुटत. पश्चिम किनाऱ्यावर मद्य, तांबे, पोवळी, काच उतरे. इकडून सुती कापड आणि रंगीत खडे जात. आज जुन्नर-नारायणगावच्या मळ्यांत द्राक्षे लगडतात. तेव्हा द्राक्षाचे मद्य सातासमुद्रापलीकडून येई.

बंद झालेले बंदर

हा व्यापार निर्धोक नव्हता. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात म्हटले आहे, की कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्यात गलबतवाल्यांचे हे हाल!

ग्रीसमधल्या डेलॉस बेटाचेही असेच झाले. ते अपोलोचे तीर्थ. इ. स. पूर्व १६६ मध्ये रोमनांनी ते जकातमुक्त बंदर केले आणि तिथे पेठ भरली. पण इ. स. पूर्व ८८ आणि ६९ मधल्या हल्ल्यांनी ती उठली. आज मिकोनोसहून होडीने जावे, भग्न खांब पाहावेत आणि संध्याकाळच्या आत परतावे; तिथे रात्री राहता येत नाही.

आपल्या जुन्नरचे नशीब बरे. पेठेचा वैभवकाळ सरला, सत्ता पालटल्या, विहारात गणपती आला. पण माणसांची वर्दळ थांबली नाही.

म्हणून यंदा ओझर-लेण्याद्री कराल, तेव्हा एक दिवस जास्त काढा. गणपतीला हात जोडून झाले, की शेजारच्या चैत्यगृहातही डोकावा आणि मुलांना ती अक्षरे दाखवा. दुसऱ्या दिवशी नाणेघाटाच्या कड्यावरून कोकणाकडे पाहा. इरिलाने काय विकले, किती कमावले, हा हिशेब कुठेच उरलेला नाही. तहानलेल्यांसाठी त्याने टाकी खोदविली, एवढे मात्र दगडाने लक्षात ठेवले आहे.