समुद्रपुरात समुद्र नाही, मोटर मात्र चालेल!

गिरड गाव ज्या तालुक्यात येतं, त्याचं नाव समुद्रपूर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब! पण तालुक्यात लाल नाला प्रकल्पासारखं धरणाचं पाणी आहे आणि बांबू रेटून भरून आलेले दंडही. डोंग्याला विजेची छोटी ट्रोलिंग मोटर लावायचा विचार असेल, तर आधी या गमती वाचा.

ट्रोल कुणाला करायचं? गळ पाण्यातून हळूहळू ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग. फोनवर लोक एकमेकांना 'ट्रोल' करतात, तो शब्दही याच मासेमारीतून आला असं मानतात. गळ टाकायचा, कोण अडकतं ते पाहायचं!

आजोबा रशियात, बाप अमेरिकेत. १८३८ मध्ये याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने बॅटरीवरची नाव सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत चालवून दाखवली. ट्रोलिंग मोटर मात्र १९३४ ची. फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड गाडीच्या स्टार्टरला पंखा जोडला. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या नावांचे तुकडे जोडून त्यांच्या कंपनीचं 'मिन कोटा' हे नाव झालं.

हिला घाई नाही. मोटरीवर लिहिलेले पाउंड जास्त म्हणजे वेग जास्त, हा गैरसमज. पाउंड सांगतात रेटा किती ते. मोठी मोटर घेतली तरी वेग सायकलच्या पुढे सहसा जात नाही. वारा आणि वजन मात्र ती सहज पेलते.

हिशेब बोटांवर. दर १०० किलोला २ किलो रेटा. डोंगा १२०, दोन माणसं १३०, बॅटरी ३०, जाळं-मासळी ५०, एकूण ३३० किलो. म्हणजे साडेसहा किलो, साधारण १५ पाउंड. वाऱ्यासाठी दुप्पट धरा. ३० पाउंड आणि १२ व्होल्टची एक बॅटरी, झालं काम.

अर्धा वेग, आठवा हिस्सा ताकद. वेग निम्मा केला की पाण्यात ताकद साधारण आठपट कमी लागते. पूर्ण जोरात ३० अँपिअर खाणारी मोटर मंद चालीत अगदी थोडक्यात भागवते. मासेही बिचकत नाहीत.

जुना रेग्युलेटर आठवतो? भिंतीवरची ती गरम होणारी पंख्याची पेटी! पाच गिअरच्या स्वस्त मोटरचा वेगही बहुधा तसाच कमी होतो, उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात तापून वाया जाते. बिनपायरीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. महाग, पण मंद चालीत बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

बैल बंडीपुढे का जुंपतात? ओढलेली वस्तू सरळ येते, ढकललेली भरकटते. म्हणून पुढच्या टोकाला लावलेली मोटर वाऱ्यातही नाव नेमकी वळवते. मागची मोटर स्वस्त आणि सोपी, पण हँडल डावीकडे नेलं की नाव उजवीकडे वळते. पहिले दोन दिवस काठावरची पोरं हसणार, हे धरून चाला.

मोटरीची दांडी मोजून घ्या. पंखा पूर्ण बुडालेला हवा, वरच्या पात्यावर वीतभर तरी पाणी हवं. पंखा उथळ राहिला की हवा ओढतो, नुसता खळखळाट करतो. उन्हाळ्यात धरण आटलं की उलट, दांडी वर घ्यायची, नाहीतर पंखा गाळात.

तंगूस हा खरा वैरी. जाळ्याचा धागा पंख्यामागे गुंडाळला गेला की सील कापतो आणि पाणी थेट मोटरीत. जाळ्याजवळ मोटर उचला, बांबू हाती घ्या. महिन्यातून एकदा पंखा काढून मागे बघा.

शेवटी गिरडचा दगड. शेख फरीदबाबांच्या टेकडीवरचे गोल गोटे म्हणजे दगड झालेला व्यापाऱ्याचा माल, अशी आख्यायिका. ती खरी मानायची की नाही, तुमची श्रद्धा. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी पार उतरवून तशीच ठेवली, तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. अर्धी उतरली की घरी आणा आणि त्याच रात्री चार्जिंगला लावा. नाहीतर तुमच्याही मालाचा दगड!