व्यसनमुक्तीनंतर राहायचे कुठे?

व्यसनमुक्ती केंद्रातील उपचार संपतात, त्या दिवशी रुग्णापुढे आणि त्याच्या कुटुंबापुढे एक साधा पण अवघड प्रश्न उभा राहतो. आता राहायचे कुठे? घर असले, तरी त्याच्या वाटेवरच जुना गुत्ता असतो आणि जुने सोबतीही तेथेच असतात. घरातील माणसांची मने अनेकदा निवळलेली नसतात, तर काहींना परतण्याजोगे घरच उरलेले नसते.

केंद्र आणि घर यांच्यामधील या काळासाठी असलेल्या निवासव्यवस्थेला भारतात हाफवे होम, तर अमेरिकेत सोबर हाऊस म्हणतात. हे रुग्णालय नव्हे. तेथे राहणारा माणूस सकाळी कामावर जातो, संध्याकाळी परततो आणि खर्चातील आपला वाटा भरतो. दारू व अमली पदार्थ पूर्णपणे वर्ज्य, ही अट मात्र सर्वांना सारखीच असते.

ऑक्सफर्ड हाऊसचा प्रयोग

अशा घरांचा सर्वात अभ्यासला गेलेला नमुना म्हणजे अमेरिकेतील ऑक्सफर्ड हाऊस. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे स्थानिक प्रशासनाचे एक हाफवे होम निधीअभावी बंद होणार होते. पॉल मोलॉय आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनी तेच घर स्वतः भाड्याने घेतले. पगारी व्यवस्थापक ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून कारभार रहिवाशांनीच हाती घेतला. त्यांचे नियम मोजकेच होते. निर्णय मतदानाने व्हावेत, प्रत्येकाने भाड्याचा वाटा वेळेवर द्यावा आणि पुन्हा व्यसन करणाऱ्याने घर सोडावे. जुन्या हाफवे होममध्ये सहा महिन्यांनंतर मुक्काम हलवावा लागे. नव्या घरात ही मुदतच काढून टाकण्यात आली.

या पद्धतीचा उपयोग होतो का, हे शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील संशोधकांनी तपासले. उपचार पूर्ण केलेल्या १५० जणांपैकी निम्म्यांना ऑक्सफर्ड हाऊसमध्ये, तर उरलेल्यांना नेहमीच्या पाठपुराव्यासाठी पाठवण्यात आले. ही विभागणी केवळ योगायोगाने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील सुमारे ३१ टक्के लोक व्यसनाकडे परतले होते, तर दुसऱ्या गटातील सुमारे ६५ टक्के.

खरी अडचण अनामत रकमेची

अशा घराचा मासिक खर्च बहुधा फार मोठा नसतो. समजा, २४ हजार रुपये भाड्याच्या सदनिकेत सहा जण राहिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार हजार रुपये येतात. कामाला लागलेल्या माणसाला ते झेपू शकतात. अडते ते पहिल्याच दिवशी, कारण अनामत रक्कम, पहिले भाडे, खाटा आणि भांडी यांसाठी एकरकमी पैसा लागतो. नुकताच केंद्रातून बाहेर पडलेल्या, बहुधा कर्जात असलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो.

अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्याने याच जागी बोट ठेवले. अशा प्रत्येक नव्या घराला ४,००० डॉलरपर्यंत कर्ज देता यावे, यासाठी राज्यांनी फिरता निधी उभारावा, अशी तरतूद त्यात होती. रहिवाशांनी दोन वर्षांत परतफेड करायची आणि तोच पैसा पुढच्या घराला द्यायचा. अनुदानापेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरला. शेजाऱ्यांचा विरोध हा दुसरा अडथळा होता. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने एका घरात एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या फार तर पाच जणांनाच राहू देणारा नियम पुढे केला होता. अशा नियमाला गृहनिर्माणातील भेदभावविरोधी कायद्यातून सूट मिळत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला.

मात्र सोबर हाऊस या नावाखाली चालणारे सर्वच चांगले असते असे नाही. ॲरिझोना राज्यात २०२३ मध्ये मोठा घोटाळा उघडकीस आला. मूळनिवासी समाजातील लोकांना फुकट निवासाचे आमिष दाखवून घरांत आणले जाई आणि त्यांच्या नावावर न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी आरोग्य योजनेकडून वसूल केली जात. देयके थांबताच यांतील अनेक जण रस्त्यावर आले.

भारतातील स्थिती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी सुमारे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळण्याचे प्रमाण तर १८० जणांमागे एक इतके अल्प आहे. उपचारांचीच ही अवस्था असताना त्यानंतरच्या निवासाची व्यवस्था तुरळक असावी, यात नवल नाही.

कायद्यात मात्र त्याची दखल आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश होतो. हाफवे होम आणि आधारयुक्त निवास उपलब्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने सरकारवर टाकली आहे. प्रत्यक्षात निवासाचा भार बहुधा कुटुंबावरच पडतो. अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये व्यसनावरील उपचार वगळल्याची अट असते, आणि भाडे हा तर रुग्णालयाचा खर्चच नव्हे. त्यामुळे पॉलिसीतील अपवादांचे कलम केंद्रात दाखल होण्यापूर्वीच वाचलेले बरे.

शोध कसा घ्यावा

शोधाची सुरुवात केंद्रातून बाहेर पडण्याच्या काही आठवडे आधी व्हावी. केंद्रातील समुपदेशक आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या स्थानिक बैठकींना येणारी माणसे यांच्याकडे विचारणा करणे जाहिरातींवर विसंबण्यापेक्षा अधिक भरवशाचे. या बैठकींना शुल्क नसते. केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर सरकारी साहाय्य मिळणाऱ्या केंद्रांची चौकशी करता येते.

पैसे भरण्यापूर्वी घर स्वतः पाहावे, शक्यतो संध्याकाळी, सर्व रहिवासी परतल्यावर, आणि त्यांच्याशी चालकाच्या गैरहजेरीत बोलावे. उपचार व पुनर्वसनासाठी माणसे ठेवणाऱ्या संस्थेला मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते, तिचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच नसावा. दाराला बाहेरून कुलूप असेल, तर ते हाफवे होम नव्हे. भाडे, भोजन आणि अनामत यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. मध्येच घर सोडल्यास किती रक्कम परत मिळेल, हेही लेखी असावे.

आणखी दोन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पहिला औषधांचा. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देतात. काही घरे त्यालाही नशा समजून बंदी घालतात. असे घर त्या रुग्णाच्या कामाचे नाही, कारण डॉक्टरांना न विचारता औषध तोडणे धोक्याचे असते. दुसरा प्रश्न रहिवासी पुन्हा घसरला तर काय, हा. काही काळ व्यसनापासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि हेरॉइनची पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. अशा माणसाला घराबाहेर काढण्याचा नियम असेल, तर त्या रात्री त्याला कोणत्या रुग्णालयात नेणार आणि कोणाला कळवणार, याचे उत्तर चालकाकडे तयार असले पाहिजे.